ॲथॉलचे दोन ड्यूक: धाकट्याने थोरल्याची जहागीर खाल्ली का?

तुम्ही विचारलंय की स्कॉटलंडमधला ब्लेअर कॅसल बघताना ॲथॉलच्या मरी घराण्याची हकिगत ऐकली: थोरला विल्यम परदेशात वणवण करत राहिला आणि धाकटा जेम्स ड्यूक होऊन बसला. मग जेम्सने भावाचा हक्क बळकावला म्हणायचं, की दोन्ही पक्षांत मुलगे ठेवून इस्टेट वाचवायचा हा घरातलाच डाव होता?

या घराण्याबद्दल मी बरीच वर्षं वाचतो आहे. माझं मत स्पष्ट सांगतो: बळकावणंही नाही आणि डावही नाही. जे झालं ते बापाने डोळे उघडे ठेवून केलं आणि त्याची किंमत विल्यम, जेम्स आणि धाकटा जॉर्ज या तिन्ही भावांनी मोजली.

आधी नाती नीट लावून घेऊ, कारण गोंधळ तिथेच होतो. जॉन मरी १७०३ मध्ये ॲथॉलचा पहिला ड्यूक झाला. त्याचा सगळ्यात मोठा मुलगा, त्याचंही नाव जॉन, १७०९ मध्ये माल्प्लाकेच्या लढाईत मारला गेला. म्हणजे ज्याला आपण थोरला म्हणतो तो विल्यम मुळात दुसरा. भाऊ गेल्यामुळे तो वारस झाला आणि त्याला टलीबार्डिनचा मार्क्वेस हा किताब मिळाला. त्याच्या पाठचा जेम्स, मग चार्ल्स, मग जॉर्ज. विल्यम आणि जेम्स यांच्यात जेमतेम दीड वर्षाचं अंतर.

१७१५ मध्ये जॅकोबाइटांचा उठाव झाला. हद्दपार स्ट्युअर्ट राजघराणं गादीवर परत आणायचं म्हणून विल्यम, चार्ल्स आणि जॉर्ज तिघेही बंडात उतरले. बाप सरकारकडे राहिला, जेम्सही. डाव असता तर एक मुलगा तिकडे पाठवून भागलं असतं, कुणी तीन पाठवत नाही. चार्ल्स प्रेस्टनला पकडला गेला, त्याला मृत्युदंड झाला आणि माफी मिळाली म्हणून वाचला. असा जुगार कुठला बाप ठरवून खेळेल? आपल्याकडे देशमुखी घराण्यांत एक भाऊ छत्रपतींकडे आणि दुसरा मोगलांकडे असं घडल्याचं आपण वाचलेलं असतं, त्यामुळे तुमच्या मनात ही शंका येणं मला समजतं. पण इथे ती लागू पडत नाही.

आता खरी मेख. राजद्रोहात दोषी ठरवणारा खास कायदा संसदेने केला की त्या माणसाचा किताब, जमीन, वारसा सगळं संपायचं आणि मिळकत सरकारजमा व्हायची. विल्यमवर ही पाळी येणार हे दिसतच होतं. त्यामुळे बाप मेल्यावर काय होणार? विल्यमला काही मिळणार नाही, आणि विल्यम जिवंत असल्यामुळे जेम्सचाही नंबर लागणार नाही. मधल्या मध्ये इस्टेट जप्त. म्हणून बाप हयात असतानाच संसदेकडून वेगळा कायदा करून घेतला गेला: ड्यूकचे किताब आणि जहागीर त्याच्यामागे लॉर्ड जेम्सकडे जातील. पुढे १७३३ मध्ये आणखी एक कायदा झाला, की विल्यमवरचा ठपका जेम्सच्या वारशाला आड येणार नाही.

म्हणजे इथे मृत्युपत्र नाही, कोर्टातला दावा नाही, खोटा कागद नाही. आणि जेम्सने नको म्हटलं असतं तरी विल्यमला एक एकरही परत मिळालं नसतं. त्याच काळात पॅनम्यूर, साउथेस्क, मारिशल या बंडखोर सरदारांच्या जप्त जहागिरी लंडनच्या यॉर्क बिल्डिंग्ज कंपनीने विकत घेतल्या. ॲथॉलचंही तेच झालं असतं.

पण विल्यमच्या जागी उभं राहून बघा. तो १७१९ मध्ये स्पॅनिश सैनिकांबरोबर परत आला, ग्लेन शीलला हरला आणि पुन्हा फ्रान्सला पळाला. १७२४ मध्ये वडील गेले. त्या दिवसापासून त्याच्या लेखी आणि सगळ्या जॅकोबाइटांच्या लेखी तोच ॲथॉलचा ड्यूक. जर्मनीहून आलेल्या राजाला तो राजाच मानत नव्हता, तर त्या राजाच्या संसदेने केलेला कायदा कसा मानणार? एकाच किताबाचे दोन धनी, आणि दोघेही मनापासून स्वतःला खरे समजणारे. जेम्सला हरामखोर ठरवणं मला पटत नाही ते एवढ्यासाठीच, आणि विल्यमला मूर्ख म्हणणंही.

जॉर्जला १७२५ च्या सुमारास माफी मिळाली. तो टलीबार्डिनच्या घरात जेम्सचं कूळ म्हणून राहू लागला, बायकामुलांत रमला. वीस वर्षं शांततेत गेली.

मग १७४५ उजाडलं. स्ट्युअर्ट राजपुत्र चार्ल्स एडवर्ड मोजक्या सोबत्यांसह स्कॉटलंडला उतरला, त्यांत विल्यम होता. छप्पन वर्षांचा, गाऊटने पाय धरलेले. १९ ऑगस्टला ग्लेनफिननमध्ये बंडाचं निशाण त्याने फडकावलं, तेव्हा दोन्ही बाजूंनी माणसांनी त्याला धरून उभं केलं होतं. पुढच्या काही दिवसांत सैन्य ब्लेअरला पोहोचलं. जेम्स आधीच निघून गेला होता. तीस वर्षांनी विल्यम आपल्या वाड्यात शिरला आणि ड्यूक म्हणून सह्या करू लागला.

यात भरडली गेली ती कुळं. जेम्सने सांगितलेलं, घरी बसा. विल्यमचा हुकूम, हत्यार घेऊन निघा, नाही तर घरं जाळू. खंड कुणाला द्यायचा आणि जीव कुणासाठी द्यायचा, हे त्या बिचाऱ्यांना कुणी विचारलं नाही. ॲथॉलच्या पलटणीतून माणसं सारखी पळून जायची ती यामुळेच.

जॉर्जने सप्टेंबरच्या सुरुवातीला जेम्सला एक पत्र लिहिलं. जीव, मालमत्ता, बायकोमुलांचं सुख सगळं पणाला लागलंय, जिंकायची शक्यताही कमी, तरी इमानापुढे बाकी सगळं हलकं वाटतं, असा त्याचा आशय. काही दिवसांपूर्वीच तो जेम्सबरोबर सरकारी सेनापती कोपला भेटून आला होता. जेम्सला हे पत्र वाचून काय वाटलं असेल, याचा विचार मी अनेकदा केला आहे. थोरला विरोधात जाणार हे त्याने कधीच गृहीत धरलं होतं. ज्याला आसरा दिला तो जाईल असं धरलं नसावं.

मार्च १७४६ मध्ये ब्लेअरमध्ये सर अँड्र्यू ॲग्न्यूची सरकारी शिबंदी होती आणि वेढा घालायला आला तो जॉर्ज. त्याच्याकडच्या लहान तोफांनी त्या जाड भिंतींना ओरखडाही जाईना. मग त्याने गोळे भट्टीत लाल होईपर्यंत तापवून छपरावर टाकायला सुरुवात केली, वाडा पेटावा म्हणून. आतले शिपाई तापलेले गोळे जेम्सच्या स्वयंपाकघरातल्या लोखंडी पळीने उचलत आणि लघवीने भरलेल्या पिंपांत टाकत, कारण पिण्याचं पाणी त्यावर घालवणं परवडत नव्हतं. तुळया काळवंडल्या, वाडा उभा राहिला. शिबंदीचं अन्न संपत आलं होतं, पण सरकारच्या मदतीला आलेली हेसियन (जर्मन) फौज जवळ येताच एप्रिलच्या सुरुवातीला जॉर्जला वेढा उठवावा लागला. ब्रिटनमधल्या किल्ल्याला पडलेला हा शेवटचा वेढा समजला जातो, आणि तो घालणारा त्याच घरचा मुलगा होता. हा डाव असता तर स्वतःच्या घरावर तापवलेले गोळे कोण टाकतं?

दोन आठवड्यांनी कलोडनची लढाई झाली आणि जॅकोबाइट कायमचे हरले. थकलेला विल्यम महिना संपायच्या आत लॉक लोमंडजवळ शरण आला आणि ९ जुलैला टॉवर ऑफ लंडनमध्ये कैदेतच वारला. खटला चालायची वेळच आली नाही. जॉर्ज हॉलंडला निसटला. राजपुत्राने त्याच्यावरच पराजयाचं खापर फोडलं आणि पॅरिसमध्ये भेटही नाकारली. १७६० मध्ये तो मेडेम्ब्लिकला वारला, तिथल्याच चर्चमध्ये त्याला पुरलं. जेम्सने ब्लेअरचे बुरूज उतरवले, तटाचा दिमाख काढून टाकला आणि त्याचं साधं राहतं घर केलं. पुन्हा कुणाला तिथे वेढा घालायचं कारण राहू नये, असं त्याच्या मनात असावं, असं मला वाटतं. तुम्ही पाहिलेले बुरूज नंतरचे, १८७० च्या आसपास परत बांधलेले.

एक छोटा कायद्याचा मुद्दा, कारण थोरल्याला सगळं का मिळायचं हेही तुम्ही विचारलंय. स्कॉटलंडमध्ये जमीनजुमला आणि जंगम मिळकत यांचे नियम निराळे होते. मृत्युपत्र नसेल तर जमीन थोरल्या मुलाला. बाकीच्यांचा हक्क जंगम मिळकतीवर. हा जमिनीचा नियम १९६४ च्या वारसा कायद्याने गेला. जंगम मिळकतीवरचा मुलांचा हक्क मात्र आजही तसाच आहे, बापाला मृत्युपत्राने तो काढून घेता येत नाही.

जेम्सचे मुलगे जगले नाहीत. राहिली मुलगी शार्लट. तिचं लग्न १७५३ मध्ये झालं ते जॉर्जच्या थोरल्या मुलाशी, जॉनशी. सख्खी चुलत भावंडं; आपल्याला ऐकायलाही अवघड जातं, तिकडे चालत असे. जानेवारी १७६४ मध्ये जेम्स वारला तेव्हा जॉनवर बंडखोराचा मुलगा म्हणून शंका घेतली गेली. त्याने राजाकडे अर्ज केला, प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये गेलं आणि ७ फेब्रुवारीला निकाल त्याच्या बाजूने लागला. पुढच्या वर्षी त्या जोडप्याने शार्लटकडे आलेलं आइल ऑफ मॅन या बेटाचं राज्यपद ७०,००० पौंडांना सरकारला विकलं. आणि ज्या वाड्यावर बापाने तापलेले गोळे टाकले होते, तिथे तिसरा ड्यूक म्हणून जॉर्जचा मुलगा राहायला आला.