ब्लिट्झला, म्हणजे प्रत्येक खेळाडूला जेमतेम काही मिनिटं देणाऱ्या झटपट बुद्धिबळाला, कौशल्य लागतं का?

लागतं, आणि भरपूर लागतं. पारंपरिक डावांत पाच वेळा जगज्जेता ठरलेल्या विश्वनाथन आनंदने 2017 मध्ये, वयाच्या 48व्या वर्षी, जागतिक जलद (रॅपिड, म्हणजे ब्लिट्झहून थोड्या लांब डावांची) स्पर्धा जिंकली. ते नशिबाने होत नाही.

पण तीन मिनिटांच्या डावात खेळाडू नवं फारसं शोधत नाही, आधीच डोक्यात बसलेलं ओळखतो: घोड्याचा दुहेरी मारा, शेवटच्या पट्टीवरची मात, हत्ती-प्याद्यांचा अंतिम टप्पा. ही ओळख संथ डावांत पक्की होते, कारण समोरून काय उत्तर येईल हे मोजायला तिथे वेळ असतो. म्हणून खेळ सुधारायचा असेल तर सध्या निदान पंधरा मिनिटं आणि प्रत्येक चालीला दहा सेकंद वाढीव, असे डाव खेळा. हरलात की लगेच पुढचा डाव लावू नका. आधी इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्राम) न उघडता चूक स्वतः शोधा. कंटाळा येईल, पण याहून उपयोगी सवय मला माहीत नाही.

ब्लिट्झ सोडायची गरज नाही. नवीन ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली) अंगवळणी पाडायला ते उत्तम आहे, मजाही येते. फक्त घड्याळावर, म्हणजे समोरच्याचा वेळ संपल्याने जिंकलेला डावही नंतर तपासा. पटावर तुम्ही हरत होतात का, ते दिसेल.