कानेतची वीट, मालवणचा चिरा

प्रश्न : ताई, माझी लेक बार्सिलोनाजवळ कानेत दे मार नावाच्या गावात राहते. मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे जाणार आहोत. परत आल्यावर यजमान इथे मालवणात प्लॉटवर घर बांधायला घेणार आहेत. जो तो सांगतो, बार्सिलोनात गौदी ह्या वास्तुकाराच्या इमारती बघा. पण रोज शहरात जाऊन जिने चढायला माझे गुडघे तयार नाहीत. लेक म्हणते, आमच्या गावातही जुन्या इमारती आहेत. खरंच बघण्यासारखं काही आहे, की ती आपली माझं समाधान करतेय?
— एक वाचक, मालवण

उत्तर : आहे, आणि तुमच्या गुडघ्यांना झेपेल एवढ्या अंतरात आहे. माझा भाचा बार्सिलोनात शिकत होता तेव्हा मी कानेतला दोन दिवस गेले होते. खरं तर एकच दिवस ठरला होता, पण पहिल्या दिवशी नेमकी सुट्टीच्या वारी पोचले. तेव्हा म्युझियमच्या वेळा लेकीला आधीच बघून ठेवायला सांगा.

बार्सिलोनाहून येताना गाडीत उजव्या खिडकीशी बसा. रुळाच्या एका अंगाला गावं, दुसऱ्या अंगाला थेट पुळण आणि समुद्र. १८४८ मध्ये बार्सिलोना ते मातारो अशी स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पातली पहिली रेल्वे धावली, तीच वाट पुढे किनाऱ्याकिनाऱ्याने कानेतपर्यंत आली. आपली रेल्वे नावाची कोकणची! समुद्राला पाठ दाखवत जाते, आणि मालवणकराला कुडाळला उतरवून एसटीच्या स्वाधीन करते.

तर कानेतचा माणूस म्हणजे लुइस दुमेनेक इ मुंतानेर हा वास्तुकार. बार्सिलोनातलं पलाउ दे ला मूसिका हे संगीतगृह (१९०५ ते १९०८) आणि सांत पाउचं इस्पितळ ही त्याची गाजलेली कामं. दोन्ही १९९७ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. वास्तुशाळेचा संचालक, राजकारणी, इतिहासाचा अभ्यासक, असा भारदस्त गृहस्थ. पण कानेत हे त्याचं आजोळ, आणि पुढे सासुरवाडीही तिथलीच. आजोळी माणूस कसा मोकळा होतो ते मी तुम्हाला काय सांगायचं? पलाउमध्ये तो जरीचा फेटा बांधून उभा आहे. कानेतमध्ये सदऱ्यावर भेटतो. मला सदऱ्यावरचा जास्त आवडला.

ह्या शैलीला ते लोक 'मॉडर्निस्मे' म्हणतात. नावावर जाऊ नका. मॉडर्न म्हटलं की आपल्यापुढे काच आणि सपाट पांढरी भिंत येते. हा प्रकार उलटा. साधारण १८८५ नंतरची तीसेक वर्षं कातालोनियातल्या (म्हणजे बार्सिलोनाच्या प्रांतातल्या) वास्तुकारांनी गवंडी, लोहार, सुतार, काचवाले, टाइल भाजणारे असे सगळे कारागीर हाताशी धरले आणि त्यांना इमारतीभर वावरू दिलं. कानेतमध्ये आधी कासा रौरा बघा. १८८९ ते १८९२ मधलं घर आहे. उघडी वीट, वर चकचकीत कौलांची टोपी घातलेला मनोरा, लोखंडी काम. फार मोठं नाही. समोरच्या फुटपाथवर उभं राहून विटांच्या ओळी नुसत्या मोजल्यात तरी कळेल, की गवंड्याने एकही वीट लपवलेली नाही. मला आपल्याकडचे जुने चिरेबंदी वाडे आठवले. त्यांचा चिराही असाच तोंड उघडं ठेवून उभा असायचा. आता त्याच चिऱ्यावर गिलावा करून, त्यावर चिऱ्यासारख्या दिसणाऱ्या टाइल चिकटवायला लोक माझ्याकडे येतात. (अशी दोन कामं मी केलीही आहेत. पोट आहे.)

तिथून जवळच अतेनेउ, १८८७ मधली गावची संस्था, आता तिथे वाचनालय आहे. आत जा, बसा, पाणी प्या. मग दुमेनेकचं स्वतःचं घर. सासरच्या जुन्या शेतघराला तो कामाची जागा करून बसला होता, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात त्याने मुलाला आणि जावयाला हाताशी घेऊन शेजारी नवं घर बांधलं. आज दोन्ही मिळून म्युझियम आहे. १९२३ मध्ये तो वारला.

गावाबाहेर सांता फ्लोरेन्तिनाचा गढीवजा वाडा आहे. तो दुमेनेकच्या आजोळच्या नात्यातल्या एका श्रीमंत प्रकाशकाचा. १९०० च्या आसपास दुमेनेकने तो वाढवला, आणि त्यात तालाट नावाच्या दूरच्या, ओस पडलेल्या मठाच्या गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन टोकदार धाटणीच्या खिडक्या-कमानी आणून बसवल्या. लोक बघून हरखतात. मी मात्र जरा अवघडले. आपल्याकडे वाडा मोडून त्याचे सागवानी खांब रिसॉर्टच्या स्वागतकक्षात उभे करतात, तेव्हा मला जे वाटतं तेच तिथे वाटलं. मठ पडतच होता, दगड वाचले, हे खरं. तरीही.

पैसा आला कुठून, हे तुम्ही नक्की विचाराल. थोडा विणकामाच्या कारखान्यांतून, थोडा समुद्रापलीकडून. ह्या किनाऱ्यावरचे तरुण क्यूबाला जात, व्यापारात हात मारून परत येत आणि गावात टोलेजंग घर बांधत. त्यांना तिथे 'अमेरिकानो' म्हणत. आपले चाकरमानीच ते, फक्त गणपतीला येता येत नव्हतं.

एक दिवस उरला तर दोन स्थानकं मागे काल्देस देस्त्राक. तिथे टेकडीवर उगाल्दे हे घर आहे, जुझेप अंतोनी कोदेर्क आणि मान्वेल वाल्स ह्या वास्तुकारांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेलं. इथे पांढरी भिंत आहे, पण ती वळत जाते, कारण कोदेर्कने आधी प्लॉटवरची पाइनची झाडं आणि समुद्र कुठून कसा दिसतो ते कागदावर मांडलं आणि मग भिंती त्यांच्यामधून नेल्या. घर खासगी आहे, आत जाता येणार नाही. तुमचे यजमान मालवणात बांधणार आहेत त्या प्लॉटवरचा आंबा तोडायचा विचार असेल, तर ह्या घराचा नकाशा मात्र त्यांना जरूर दाखवा.

प्रश्न : आमच्या घरात आजोबांच्या वेळच्या फुलांच्या नक्षीच्या फरश्या आहेत. काही हलतात, काहींवर पांढरी भुकटी येते. मुलगा म्हणतो उखडून व्हिट्रिफाइड घालू. तुमचं मत?
— एक वाचक, देवगड

उत्तर : मुलाला म्हणावं थांब. वरचं पत्र आणि तुमचं पत्र एकाच टपालाने आलं म्हणून सांगते, बार्सिलोनात तुमच्यासारख्याच फरश्यांचे ढिगारे जुन्या बाजारात भाव करून विकले जातात. एस्कोफेत नावाच्या तिथल्या कारखान्यासाठी खुद्द दुमेनेकने नक्षी काढून दिली होती. गौदीने १९०४ मध्ये आखलेली समुद्री जीवांची षटकोनी फरशी तर आता त्या शहराच्या मोठ्या रस्त्याच्या फुटपाथवर दिसते. आपल्याकडे भारत टाइल्सने १९२२ मध्ये ह्याच प्रकारच्या फरश्या करायला सुरुवात केली, आणि त्यांचा कारखाना आपल्याच उरणला.

ही फरशी भट्टीत भाजलेली नसते. पितळेच्या साच्यात रंगाचे कप्पे असतात. त्यांत रंगीत सिमेंटचा पातळ लगदा ओततात, साचा हळूच उचलतात, वर कोरडं सिमेंट-रेती पसरतात आणि प्रेसखाली दाबतात. मग पाण्यात मुरवतात. रंगाचा थर काही मिलिमीटर जाड असतो, म्हणून तीन पिढ्यांचे पाय घासूनही तुमचं फूल जागेवर आहे. व्हिट्रिफाइडवर असतो तो बहुतेक वेळा वरवरचा छाप.

भुकटी म्हणजे जमिनीतली ओल क्षार घेऊन वर येते. त्यावर अ‍ॅसिड अजिबात ओतू नका, सिमेंट खाल्लं जाईल. चमकदार लॅकरही नको. ओल खालीच कोंडते. ब्रशने कोरडं झाडा, साध्या साबणाच्या पाण्यात नारळाची शेंडी बुडवून घासा, आणि आधी घराभोवतीचं पागोळ्यांचं पाणी कुठे मुरतंय ते बघा. हलणाऱ्या फरश्या खडूने नंबर टाकून उचलायच्या, खालची जमीन सारखी करायची आणि चुन्याच्या मसाल्यात परत बसवायच्या. गवंडी म्हणेल, "बाई, नवीन घाला, स्वस्तात पडेल." त्याला चहा द्या आणि काम करून घ्या.

हे मी एवढ्या तावातावाने लिहितेय, कारण नवी नवी असताना रत्नागिरीतल्या एका घरातल्या चारशे फरश्या मीच उखडायला लावल्या. मालकीणबाई काही बोलल्या नाहीत. फरश्या गोठ्याच्या भरावात गेल्या. गोठाही आता नाही.

प्रश्न : आंब्याच्या पल्पसाठी शेड बांधायची आहे. कातालोनियातल्या द्राक्षउत्पादकांच्या सहकारी वाइन-घरांचे फोटो पाहिले. विटांच्या उंच कमानी, स्लॅब नाही, लोखंड नाही. गुहागरात असं जमेल?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : तुम्ही बघितलेली बहुधा गांदेसा किंवा पिनेल दे ब्राई इथली. सेसार मार्तिनेल ह्या वास्तुकाराने पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपासूनच्या काही वर्षांत ती बांधली. शेतकऱ्यांच्या सोसायट्या होत्या, पैसा बेताचा. म्हणून त्याने टांगलेल्या साखळीला जसा बाक येतो तो उलटा करून कमान उभारली. तशा कमानीत वजन सरळ खाली उतरतं, त्यामुळे थोडक्या विटांत मोठी उंची मिळते.

तिथलं कमानीचं छत तर ते पातळ विटा आडव्या ठेवून, जिप्समने एकमेकींना चिकटवत, खाली पूर्ण सेंटरिंग न लावता बांधतात. जिप्सम मिनिटांत पकडतं. वर दुसरा थर चुन्यात किंवा सिमेंटमध्ये. पण बार्सिलोनाला वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आपल्याकडे तीन हजारांच्या वर. जिप्समला ओल सोसत नाही. शिवाय कमान बाजूच्या भिंतींना ढकलते, आणि १९६७ चा कोयनेचा धक्का गुहागरला नवा नाही. तेव्हा कमानी करा, पण मसाला सिमेंट-चुन्याचा, बाजूच्या भिंती जाड चिऱ्याच्या, टेकू स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून मोजून घेतलेले, आणि सगळ्यावर मंगळुरी कौलांचं वेगळं छप्पर. म्हणजे कमानीवर पाऊस पडणारच नाही. खर्च पत्र्याच्या शेडपेक्षा जास्त होईल, पण एप्रिलात आत उभं राहता येईल.

तुम्ही पाठवलेल्या जागेच्या फोटोत शेडमागे फणस दिसतो. त्याच्या बाजूला पन्हळ काढू नका, पहिल्याच जूनमध्ये पानांनी तुंबेल.