वाचकांचे प्रश्न: कानाची टेस्ट प्रायव्हेटमध्ये करायचीय, पण नक्की कुठली?

प्रश्न: माझा मुलगा २ वर्षं ४ महिन्यांचा आहे. आई, बाबा, मम आणि भूभू एवढंच बोलतो. पाठीमागून हाक मारली की कधी बघतो कधी नाही, पण कुकरची शिट्टी झाली की दचकतो आणि टीव्हीवर जाहिरात लागली की पळत येतो. तो ३४व्या आठवड्यात झाला, ११ दिवस पेटीत होता, कावीळ बरीच वाढलेली म्हणून लाइटखाली ठेवलं होतं. डिस्चार्जच्या वेळी कानाला मशीन लावून बघितलं तेव्हा पास असं लिहून दिलंय. आमचे डॉक्टर म्हणतात ३ वर्षांपर्यंत वाट बघा, सासूबाई म्हणतात ह्याचे बाबा पण उशिराच बोलले. सरकारी दवाखान्यात नंबर लावला तर तारीख २ महिन्यांनंतरची मिळालीय. मिस्टरांनी एका कानाच्या मशीनच्या दुकानावर फ्री टेस्टची पाटी बघितली. प्रायव्हेटमध्ये करावी का, कुठली करायची, झोपेचं औषध देतात म्हणे त्याने काही होणार नाही ना, आणि तो रिपोर्ट पुढे सरकारी कामाला चालतो का?
– एक आई, कराड

उत्तर: ताई, टेस्ट करून घ्या आणि ह्याच महिन्यात घ्या. ३ वर्षांपर्यंत थांबायचं काही कारण मला तरी दिसत नाही. दोन वर्षं पूर्ण झालेलं मूल साधारण 'बाबा ये', 'दूध दे' असं दोन शब्द जोडून बोलायला लागतं, तुमचं बाळ चार शब्दांवर आहे, आणि त्यात तो लवकर झालेला, पेटीत राहिलेला, कावीळ वाढलेली. ह्यातलं एक कारण असतं तरी मी बेरा, म्हणजे आवाज नसेतून मेंदूकडे नीट जातो का ते बघणारी टेस्ट, करा म्हटलं असतं, तुमच्याकडे तिन्ही आहेत.

आता तो 'पास' चा कागद. जन्मानंतर कानात छोटं मऊ बोंड घालून जी दोन मिनिटांची तपासणी करतात ती ओएई. तिच्यात आतल्या कानातल्या बारीक केसांसारख्या पेशी काम करतायत का एवढंच कळतं, तिथून पुढे आवाज नसेतून मेंदूकडे नीट जातो का हे ओएईला कळतच नाही. आणि वाढलेल्या काविळीत नेमका तिथेच घोळ होऊ शकतो, पेशी ठीक पण नस आवाज विस्कटून पुढे पाठवते, अशा मुलांची ओएई पास येते आणि घरातले निर्धास्त होतात. शिवाय काही मुलांचं ऐकणं जन्मानंतर काही महिन्यांनी पण कमी होतं. म्हणून तो कागद फाइलला राहू दे, पण त्याच्या भरवशावर थांबू नका.

कुकरची शिट्टी आणि टीव्ही ह्यावरून पण काही ठरत नाही. शिट्टी प्रचंड मोठी असते आणि जाहिरातीत उजेड, रंग सगळं बदलतं. माझ्याकडे एक ३ वर्षांची मुलगी आणली होती, आजी सांगत होती अहो हिला सगळं ऐकू येतं आणि दाखवायला तिने मुलीच्या मागे जाऊन टाळी वाजवली, मुलगी वळली. मग मी आजींना म्हटलं आता जागेवरून न हलता, सावली पडू न देता, नुसतं हळू 'स स' करा. मुलगी खेळत राहिली. तीनदा केलं, तीनदा खेळत राहिली. आजी खाली बसल्या आणि काही बोलल्याच नाहीत. त्या मुलीला जाड आवाज येत होते, बारीक येत नव्हते, म्हणजे स, श, फ, त असले आवाज गळून जात होते आणि तिच्यापर्यंत बोलणं अर्धंमुर्धंच पोचत होतं. घरी थाळी वाजवून, टाळी वाजवून जी परीक्षा आपण घेतो तिच्यात हे कधीच पकडलं जात नाही.

दुकानातल्या फ्री टेस्टचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे, ह्या वयाच्या बाळासाठी तिथे जाऊ नका. तिथे बहुतेक वेळा हेडफोन लावून 'आवाज आला की हात वर करा' वाली मोठ्यांची टेस्ट असते, सव्वादोन वर्षांचं पोर ती देऊच शकत नाही. आणि ज्याला मशीन विकायचंय त्यानेच मशीन लागेल का ते ठरवायचं हे मला पटत नाही. मशीन विकणारे सगळे वाईट असं नाही म्हणत, पण निदान आधी आणि खरेदी नंतर, हवं तर दुसऱ्या जागी.

प्रायव्हेटमध्ये फोन कराल तेव्हा 'कानाची टेस्ट करायचीय' एवढंच म्हणू नका, नाहीतर ओएई करून पाठवून देतील आणि पैसे देऊन परत तिथेच याल. म्हणायचं की बाळ एवढ्या महिन्यांचं आहे, पेटीत होतं, कावीळ होती, आम्हाला ओएई, इम्पिडन्स (पडद्यामागे पाणी आहे का ते सांगणारी टेस्ट) आणि बेरा तिन्ही हवंय, बेरा क्लिकवर आणि टोन बर्स्टवर (कानात सोडायचे दोन तऱ्हेचे आवाज) दोन्ही होते का, आणि करणारे ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारे तज्ज्ञ, आरसीआयला रजिस्टर्ड आहेत का. आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद, तिचा नंबर रिपोर्टवर सहीखाली असला पाहिजे. टोन बर्स्ट मुद्दाम विचारा कारण नुसत्या क्लिकने मुख्यतः बारीक आवाजांचं कळतं, जाड आवाजांचं नाही. पैसे पण फोनवरच विचारा, तिन्हीचे मिळून किती, आणि बाळ झोपलंच नाही तर परत आल्यावर पुन्हा पूर्ण फी का. हे विचारायला लाजू नका, बेराची फी ओएईपेक्षा बरीच जास्त असते आणि एका खेपेत न होणं हे अगदी नेहमीचं आहे.

त्याच्या आधी एकदा कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांकडे कान बघून घ्या. मळ असेल किंवा सर्दीने पडद्यामागे पाणी साठलं असेल तर सगळे आकडे बिघडतात. नाक वाहत असेल तर तारीख आठवडाभर पुढे ढकला.

आता झोपेचं. बेरामध्ये बाळाला काही टोचत नाहीत, दुखत नाही, कपाळावर आणि कानामागे वायरी चिकटवतात, कानात आवाज सोडतात आणि नसेचा प्रतिसाद कॉम्प्युटरवर लाटांसारखा दिसतो. पण बाळ हललं की लाटा गढूळ होतात म्हणून झोप हवी, तास-दीड तास. माझा आग्रह नेहमी नैसर्गिक झोपेचाच असतो. आदल्या रात्री उशिरा झोपवा, पहाटे उठवा, सकाळची डुलकी घेऊ देऊ नका. आणि इथेच सगळे फसतात, कराडहून पुण्याला तीन तास गाडीत बसलात की बाळ वाटेतच मस्त झोपणार आणि तिथे पोचल्यावर टक्क जागं! म्हणून मी तुम्हाला कोल्हापूर किंवा सांगलीच सुचवेन, आणि मागच्या सीटवर त्याला जागं ठेवायला माणूस हवंच. दूध, खाऊ तिथे पोचल्यावर द्या, पोट भरलं की झोपेल. त्या दिवशी डोक्याला तेल नको, कपाळाला पावडर नको, कानामागे तीट नको, वायरी चिकटत नाहीत. तुमच्या काचेच्या बांगड्या काढून ठेवा, सगळ्यांचे मोबाइल बंद, त्याचं रोजचं पांघरूण बरोबर.

एवढं करून नाहीच झोपला तर सिरप देतात. ते वजनावर मोजून, बालरोगतज्ज्ञांनी सांगितल्यावर आणि जिथे बाळावर लक्ष ठेवायला डॉक्टर आहेत अशाच ठिकाणी घ्यायचं, घरून पाजून निघायचं नाही. तसं दिलं तर घाबरू नका. पण औषध द्यायचं ठरलं तर पोट किती वेळ रिकामं हवं हे आधी विचारावं लागतं, मग वरचं दूध-खाऊचं तिथे लागू नाही. आणि तो लवकर झालेला आहे, श्वासाचा काही त्रास झाला असेल तर तो आठवणीने सांगा.

रिपोर्टवर नुसतं 'नॉर्मल' लिहिलेलं चालवून घेऊ नका. दोन्ही कानांचे ग्राफ वेगवेगळे मागा, ऐकणं जिच्यावरून ठरवतात ती पाचवी लाट किती हळू आवाजापर्यंत, म्हणजे किती डेसिबलपर्यंत दिसली ते विचारा, ती साधारण ३० पर्यंत दोन्ही बाजूंना दिसली तर चांगलं आहे.

पडद्यामागे पाणी निघालं तर बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप किंवा उपचारांनी ओसरतं, पण तीन महिन्यांत परत टेस्ट करायचीच. दोन्ही कानांचं ऐकणं आतूनच कमी निघालं तर लगेच दोन्ही कानांना मशीन आणि स्पीच थेरपी, मशीनचा आवाज किती ठेवायचा ते मग ऑडिओलॉजिस्ट बसवतात. आणि कान एकदम चांगले निघाले तरी घरी येऊन शांत बसू नका, मग बोलणं का येत नाही हे स्पीच थेरपिस्टकडे आणि बाळाच्या विकासाची तपासणी करणाऱ्यांकडे बघून घ्यायचं.

सरकारी तारीख मात्र रद्द करू नका. प्रायव्हेट रिपोर्टवर उपचार सुरू करता येतात, पण दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) सरकारी दवाखान्यातूनच मिळतं, ते स्वतः पुन्हा तपासू शकतात. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या लवकर तपासणीच्या केंद्रात पण नाव घाला, २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतची मुलं तिथे बघतात. गरज पडलीच तर दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेत जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलांना ५ वर्षांपर्यंत कॉक्लिअर इम्प्लांटसाठी, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायच्या यंत्रासाठी मदत मिळते, मुंबईत वांद्र्याला ऐकण्या-बोलण्याच्या दोषांवर काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे तिथे सगळी माहिती देतात. वयाची अट आहे म्हणूनच म्हणतेय की दोन महिने फुकट घालवू नका.

आणि सासूबाईंना बरोबर न्या. त्यांना समजावत बसण्यापेक्षा त्यांनाच मागच्या सीटवर बसवा, नातवाला कराडपासून जागं ठेवायचं काम त्यांच्याइतकं कोणी करणार नाही, आणि टेस्टच्या वेळी त्यांना कॉम्प्युटरसमोर खुर्ची द्यायला सांगा.