डिग्री तीन वर्षांत घ्या, पण मेडिकलचा अर्ज थांबून करा

ताई, एपी क्रेडिट्समुळे (शाळेतच केलेल्या कॉलेज-पातळीच्या कोर्सच्या क्रेडिट्समुळे) मुलगी तीन वर्षांत, मे २०२७ मध्ये ग्रॅज्युएट होतेय, एमकॅटला (मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला) ५१४ आहेत, तर याच जूनमध्ये मेडिकल स्कूलला अर्ज करावा का, असं तुम्ही विचारलंय. मी इथे अमेरिकेत फिजिशियन आहे, प्रवेशाच्या मुलाखतीही घेते. माझं मत स्पष्ट आहे: डिग्री लवकर घेऊ दे, अर्ज पुढच्या वर्षी.

ऑगस्ट २०२७ च्या प्रवेशासाठी एएमसीएएसचा (मेडिकल स्कूल्सच्या सामायिक अर्जपद्धतीचा) अर्ज २०२६ च्या उन्हाळ्यात जातो. तेव्हा तिची दोनच वर्षं झालेली असतील. तिसऱ्या वर्षातले अवघड कोर्स आणि लॅबचं काम अर्जात फार तर 'पुढे करणार' म्हणून दिसेल, ग्रेड दिसणार नाहीत. शिफारसपत्रांचंही तेच. दीडदोनशे मुलांच्या वर्गातल्या प्रोफेसरला तिच्याबद्दल ग्रेडपलीकडे काय लिहिता येणार? शिवाय एपीची केमिस्ट्री-बायोलॉजी सगळीकडे चालत नाही, बरीच मेडिकल कॉलेजं त्याऐवजी वरच्या पातळीचे कोर्स मागतात. एमएसएआरमध्ये (मेडिकल स्कूल्सच्या प्रवेश-अटींच्या यादीत) एकेका कॉलेजचे नियम बघून घ्या. एमकॅटचा स्कोअर वाया जात नाही, बहुतेक ठिकाणी दोन-तीन वर्षं धरतात.

आपल्याकडे बारावी, नीट आणि थेट एमबीबीएस, त्यामुळे एक वर्ष 'गेलं' की आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. इथे बरोबरीचे बहुतेक उमेदवार वर्ष-दोन वर्षं काम करूनच आलेले असतात, आणि मुलाखतीत तो फरक लगेच कळतो. एखादा पेशंट आठवून सांग म्हटलं, की नुसतं शॅडोइंग केलेली, म्हणजे डॉक्टरांच्या मागे राहून फक्त बघितलेली मुलं प्रोसिजरची नावं सांगतात. नर्सिंग एडचं (नर्सच्या मदतनिसाचं) काम केलेल्या एका मुलीने स्ट्रोकच्या पेशंटबद्दल सांगितलं. ते ताटाची फक्त उजवी बाजू खायचे, घरच्यांना वाटायचं भूकच मेली. डावीकडचं त्यांच्या लक्षातच येत नाही हे हिने ओळखलं, आणि रोज अर्धं जेवण झालं की ती ताट फिरवून ठेवायची. हे पुस्तक वाचून येत नाही. तुमच्या लेकीला शिल्लक राहिलेल्या वर्षात असं काम करू दे: एड, ईएमटी (अँब्युलन्सवरचं काम), स्क्राइब (डॉक्टरांच्या नोंदी लिहिणं), काहीही, पण पेशंटच्या जवळचं.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत. ती एच-फोरवर, म्हणजे आईवडिलांच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आहे का? असेल तर माझा सल्ला बदलेल. २१ पूर्ण झाली की एच-फोर संपतो. एफ-वनवर (स्टुडंट व्हिसावर) गेली तर डिग्रीनंतर ओपीटीचे, म्हणजे काम करायच्या परवानगीचे १२ महिने मिळतात, पण काम तिच्या विषयाशी संबंधित लागतं. त्यात बरीच मेडिकल स्कूल्स फक्त सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांचेच अर्ज घेतात. अशा वेळी चौथं वर्ष कॉलेजातच काढणं कदाचित जास्त सुरक्षित. लवकर ग्रॅज्युएट होण्याचा फॉर्म भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोला, आणि तिचा व्हिसा व वाढदिवस कळवा, म्हणजे पुढचं नीट सांगता येईल.