दुधाच्या दाढेखालची गाठ : पक्की दाढ काढायची की राखायची?

प्रश्न : मुलगा 9 वर्षांचा आहे. महिनाभरापासून डावीकडे खालच्या जबड्यावर कडक सूज आहे, दुखत मात्र नाही. तिथल्या किडलेल्या दुधाच्या दाढेची नस दोन वर्षांपूर्वी काढली होती. ओपीजीत (पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत) तिच्याखाली गाठ आणि गाठीत अडकलेली पक्की दाढ दिसते. एक डॉक्टर गाठीसकट पक्की दाढ काढा म्हणतात. दुसरे म्हणतात, दुधाची दाढ काढून गाठीला खिडकी ठेवू, म्हणजे आतलं पाणी निघत राहील असं भोक. कॅन्सर तर नसेल ना?
— एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : हे वर्णन डेंटिजेरस सिस्टशी जुळतं, आणि ती कॅन्सरची गाठ नाही. दुधाच्या दाढेतला संसर्ग मुळांखाली उतरतो, पक्क्या दाढेच्या माथ्याभोवतीच्या पिशवीत पाणी साठतं आणि जबडा फुगतो. मात्र अमेलोब्लास्टोमा किंवा केराटोसिस्ट या जबड्यातल्या दुसऱ्या गाठीही एक्स-रेत अशाच दिसू शकतात. म्हणून गाठीच्या अस्तराचा तुकडा बायोप्सीला गेलाच पाहिजे, तशी चिठ्ठी मागून घ्या.

गाठ उघडण्याआधी 18 नंबरच्या जाड सुईने आतलं ओढून पाहतात. पिवळसर पातळ पाणी आलं तर सिस्टच्या बाजूने कौल. पांढरा, घट्ट लगदा आला तर केराटोसिस्टचा संशय. ताजं रक्त जोराने सिरिंजमध्ये चढलं, तर तिथेच थांबायचं : ती रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते आणि तिथला दात उपटणं जिवावर बेतू शकतं. हिरडीतून आपोआप रक्त येत असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा.

आम्ही खिडकीच्या बाजूने आहोत. नवव्या वर्षी या दाढेचं मूळ पूर्ण झालेलं नसतं, त्यामुळे वर येण्याचा जोर तिच्यात शिल्लक असतो. आतला दाब उतरला की हाड भरत जातं आणि बरेचदा दाढ काही महिन्यांत स्वतःच वर सरकते.

फसतं ते घरी. दाढ काढलेल्या जागेतून ठेवलेलं भोक झपाट्याने आवळतं. ते उघडं राहावं म्हणून आयोडोफॉर्मची (आयोडीनयुक्त औषधाची) पट्टी किंवा अ‍ॅक्रिलिकचं बूच बसवतात. आयोडीनची अ‍ॅलर्जी असेल तर पट्टी नको. बूच बसवलं असेल तर ते काढून, सलाईन भरलेल्या सिरिंजला बोथट सुई लावून, जेवणानंतर दिवसातून दोनदा पोकळी धुवायची आणि बूच लगेच परत बसवायचं. ते हरवलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. नुसत्या अँटिबायोटिकने गाठ जात नाही आणि शेकही देऊ नका.

साधारण 3 आणि 6 महिन्यांनी ओपीजी काढून तुलना करायची. दाढ हललीच नाही, तर तिच्यावर ब्रॅकेट (तार अडकवायचा छोटा तुकडा) चिकटवून ती तारेने ओढता येते. बायोप्सीत वेगळं निदान आलं, तरच पहिल्या डॉक्टरांच्या सल्ल्याचा विचार करा. पंचवटीतल्या दंत महाविद्यालयात मुखशल्यचिकित्सा आणि बालदंत असे दोन्ही विभाग आहेत. जाताना जुना ओपीजी सोबत न्या.