अमेरिकेच्या कोस्ट गार्डकडे डॉक्युमेंट केलेल्या (म्हणजे संघीय पातळीवर नोंदवलेल्या) बोटीला फ्लोरिडात पुन्हा नोंदणी लागते का?

हो, लागते. बोट फ्लोरिडाच्या पाण्यात वापरणार असाल तर काउंटीच्या टॅक्स कलेक्टरकडे राज्याची नोंदणी करावीच लागते. फरक इतकाच की, संघीय कायद्यामुळे अशा बोटीला राज्याचं टायटल (मालकीचा दाखला) मिळत नाही आणि बोटीच्या पुढच्या टोकावर 'एफएल'ने सुरू होणारा क्रमांकही रंगवायचा नसतो. फक्त राज्याचा स्टिकर लावायचा. बोटीचं नाव आणि हेलिंग पोर्ट (कागदपत्रांत बोटीचं म्हणून नोंदवलेलं गाव) मात्र किमान ४ इंची अक्षरांत बाहेर दिसलं पाहिजे, आणि कोस्ट गार्डचं मूळ प्रमाणपत्र बोटीवरच ठेवा.

सगळीकडे हाच नियम नाही बरं का. कॅलिफोर्नियात डॉक्युमेंटेड बोटीला डीएमव्हीची (राज्याच्या वाहन खात्याची) नोंदणी लागत नाही, पण काउंटीचा मालमत्ता कर चुकत नाही.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: सोबतच्या मोटर लावलेल्या डिंगीला (छोट्या नावेला) हे डॉक्युमेंटेशन लागू होत नाही. तिचा राज्य क्रमांक वेगळा घ्या.

आपल्या लोकांसाठी महत्त्वाचं म्हणजे डॉक्युमेंटेशनला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. ग्रीन कार्ड किंवा एच-वन-बीवर असाल तर सरळ राज्याची नोंदणी करा. आणि नूतनीकरणाची पत्रं पाठवून जादा पैसे मागणाऱ्या खासगी कंपन्यांना कृपया पैसे देऊ नका; ते काम थेट कोस्ट गार्डकडे होतं.