व्हर्चुआ टेनिस : फटका उशिरा का बसतो?

प्रश्न : सेगाच्या ड्रीमकास्ट कन्सोलवरचं ‘व्हर्चुआ टेनिस’ पुन्हा काढलं आणि नव्या एलसीडी टीव्हीला जोडलं. पूर्वी हमखास बसणारे क्रॉसकोर्ट (कोर्टावर तिरपे) फटके आता जमतच नाहीत. खेळाडू चेंडूवर झेप घेतो आणि आडवा पडतो. सराव गेला की कन्सोल बिघडला?

उत्तर : आधी टीव्ही तपासा. १९९९ साली सेगाने हा गेम आर्केडमध्ये आणला आणि पुढच्या वर्षी तो ड्रीमकास्टवर आला. बटणं दोनच, साधा फटका आणि लॉब (उंच उडवलेला फटका). त्यामुळे सगळं कसब वेळेत आहे. चेंडू पोहोचण्याआधी जागेवर उभं राहून बटण दाबलं, की खेळाडू रॅकेट मागे घेतो. त्या क्षणापासून कंट्रोलरचा दांडा खेळाडूला पळवत नाही, फटक्याची दिशा ठरवतो. बटण जितकं लवकर, तितका फटका जोरकस आणि कोन तिरपा. बटण उशिरा पडलं की चेंडू कसाबसा परततो, नाहीतर झेप घ्यावी लागते.

गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, म्हणजे एक चित्र सुमारे १७ मिलिसेकंदांचं. जुन्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीतून टीव्हीला आंतररेषित चित्र मिळतं, एका वेळी निम्म्याच रेषा. एलसीडी टीव्ही त्या जुळवतो, चित्र मोठं करतो, रंग सुधारतो, आणि यात पाच-सहा चित्रांइतका वेळ सहज जातो. तुम्हाला चेंडू जिथे दिसतो, तिथून तो केव्हाच पुढे गेलेला असतो.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ लावा आणि चित्र सुधारणारे बाकीचे सगळे पर्याय बंद करा. त्यापेक्षा चांगला उपाय व्हीजीए केबलचा. ड्रीमकास्ट मुळातच ४८० रेषांचं सलग चित्र देऊ शकतो, मग रेषा जुळवायचं काम उरत नाही आणि चित्रही लख्ख दिसतं. जुना काचेच्या नळीचा (सीआरटी) टीव्ही हाताशी असेल तर त्याला तोड नाही. युरोपीय डिस्क असेल आणि सुरुवातीला ५० की ६० हर्ट्झ असं विचारलं, तर ६०च निवडा.

इतकं करूनही झेपाच जात असतील, तर सवय बदलावी लागेल. बरेच जण चेंडूमागे धावत शेवटच्या क्षणी बटण दाबतात. इथे उलट करायचं : प्रतिस्पर्ध्याचा फटका सुटताच चेंडू कुठे येणार ते ओळखून तिथे आधी पोहोचायचं, बटण दाबायचं आणि मग दांडा एका बाजूला धरून ठेवायचा. सर्व्हिस करताना पडद्यावरची ताकदीची पट्टी शिगेला पोहोचते त्याच क्षणी बटण पडायला हवं.

प्रश्न : सामना रंगात येतो आणि कन्सोल आपोआप पुन्हा सुरू होतो. डिस्क खराब झाली का?

उत्तर : डिस्कला दोष देऊ नका. ड्रीमकास्टचं हे नेहमीचं दुखणं आहे. वीजपुरवठ्याचा बोर्ड मुख्य बोर्डातून वर आलेल्या सहा पिनांवर नुसता बसवलेला असतो. वर्षानुवर्षं उष्णतेने पिनांवर गंज धरतो, संपर्क कच्चा होतो, व्होल्टेज घसरतं आणि कन्सोल रीसेट होतो.

विजेची वायर काढून कन्सोल काही वेळ तसाच ठेवा. बाजूचा मोडेम काढा. खालच्या चार स्क्रूंपैकी एक त्याच्या आड असतो. वरचं झाकण उघडलं की वीजपुरवठ्याचा बोर्ड दिसेल. त्याचे स्क्रू काढून तो सरळ वर उचला, तिरपा ओढू नका. त्यावरच्या मोठ्या कपॅसिटरला हात लावायचा नाही, त्यात वीज साठलेली असू शकते. कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून पिना चोहोबाजूंनी पुसा. काडी काळी पडते. पांढरी निघेपर्यंत पुसत राहा. पूर्ण वाळल्यावर बोर्ड परत बसवा. पिना सैल वाटल्या तर किंचित एका बाजूला वाकवा, पण अगदी किंचित, कारण मुळाशी तुटली तर सोल्डरिंगशिवाय गत्यंतर नाही.

प्रश्न : सुरू करताना कर्कश बीप येतो. सेव्ह केलेला गेम जाईल का?

उत्तर : नाही. मेमरी कार्डाच्या दोन सीआर२०३२ बॅटऱ्या संपल्याची ती खूण. सेव्ह फ्लॅश मेमरीत असतो, त्याला बॅटरी लागत नाही. नुसता बीप नको असेल तर बॅटऱ्या बदला, वर्ल्ड सर्किट (गेममधली जगभरच्या स्पर्धांची मालिका) जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे चालू होईल.